तेलाचे पिंप आणि आफ्रिकेचा ताल

त्रिनिदादचे स्टीलपॅन तेलाच्या पिंपापासून घडते, म्हणजे वाद्य विसाव्या शतकातले. तरीही त्याची मुळे गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी माणसांच्या ढोलवादनात आहेत, आणि त्याला भक्कम पुरावा आहे. १८३८ मध्ये या बेटावरची गुलामगिरी पूर्णपणे संपली आणि मुक्त झालेल्यांनी कार्निव्हल आपलासा केला. मशाली, लाठ्या आणि ढोल घेऊन निघणारी त्यांची ‘कॅम्बुले’ मिरवणूक ब्रिटिश सत्तेला खुपत होती. १८८१ मध्ये पोर्ट ऑफ स्पेनला पोलिसांशी मोठी चकमक झाली. १८८४ मध्ये कायदा करून ढोलांवर निर्बंध आले. मग लोकांनी बांबू तोडले. ‘टॅम्बू बांबू’च्या मेळात जाड, लांब बांबू जमिनीवर आपटून खर्ज धरत, आखूड तुकडे एकमेकांवर आपटून मधला ठेका भरत आणि बारीक ‘कटर’ काठीने वाजवून त्यावर नक्षी काढत. एकाने ठेका धरायचा, दुसऱ्याने त्यात गुंफायचे, तिसऱ्याने मोकळे खेळायचे, ही वाटणी पश्चिम आफ्रिकेच्या ढोलमेळांतली. चामडे गेले, रचना टिकली. १९३० च्या दशकात बिस्किटांचे डबे आणि गाड्यांचे ब्रेक ड्रम आले, त्यानंतर पिंपे. पिंपाचा तळ ठोकून खोलगट करायचा आणि त्यात एकेका स्वराचा उंचवटा काढायचा, हे विन्स्टन सायमन, एली मॅनेट, अँथनी विल्यम्स यांच्यासारख्या तरुणांनी प्रयोग करत साधले.

यावर आक्षेप असा, की पॅनचे स्वर युरोपीय सप्तकाचे आहेत. १९५१ मध्ये लंडनला गेलेल्या ‘टॅस्पो’ या वाद्यवृंदाला शिकवणारे जोसेफ ग्रिफिथही बँडमास्टर होते. हे खरेच आहे. पण स्टीलबँडच्या मधोमध ‘इंजिन रूम’ असते. तिथे ब्रेक ड्रमवरचे लोखंड सगळ्यांचा ताल बांधून ठेवते, आणि हेच काम आफ्रिकी मेळांत लोखंडी घंटा करते. स्वर युरोपचे घेतले, चाल स्वतःची ठेवली.

दडपशाहीमुळेच हे संगीत जन्मले, हे म्हणणे मात्र मला मुळीच पटत नाही. क्युबात आफ्रिकी लोकांच्या ‘काबिल्दो’ मंडळांना परवानगी होती. तिथे योरुबांचे बाटा ढोल जगले आणि संगीत तितकेच बहरले. म्हणजे श्रेय बंदीचे नव्हे, वाजवणाऱ्यांचे. ज्या गरीब वस्त्यांतल्या पॅनवाल्यांना पोलीस पिटाळून लावत, त्यांच्या वाद्याला सरकारने १९९२ मध्ये राष्ट्रीय वाद्य म्हणून जाहीर केले.