चौकोन जोडून ब्लँकेट: आधी मजुरी धरा!



आपल्या सातारा-सांगलीकडे गोधड्या घरोघरी शिवल्या, पण मजुरी कुणी धरली नाही. लोकरीचं ब्लँकेट विकायचं असेल तर ही सवय सोडा.

विणायला सोपं आहे. सुईवर 30 टाके घाला आणि प्रत्येक ओळ सुलटच विणा. दर दोन ओळींना एक उठावदार रेघ दिसते. अशा 30 रेघा, म्हणजे 60 ओळी झाल्या की चौकोन तयार. टेप लावायची गरज नाही, म्हणून काम चार जणींत वाटता येतं. फक्त लोकर आणि सुईचा नंबर सगळ्यांना एकच द्या. आधी नमुना बघा, कारण कुणाचा हात सैल असतो, कुणाचा घट्ट.

आता हिशोब. 15 सेंमीचे 48 चौकोन जोडले की 90 × 120 सेंमीचं ब्लँकेट होतं. समजा, लोकर ₹500, विणायला 48 तास, जोडायला 7. ₹1,000 ला विकलं तर ₹500 सुटले असं वाटतं. त्याला 55 तासांनी भागा: तासाला जेमतेम ₹9! तासाला ₹40 मजुरी धरली तर खर्चच ₹2,700 होतो.

एवढे पैसे गिऱ्हाईक देत नसेल तर भाव पाडू नका, आकार कमी करा. मोठं ब्लँकेट महाबळेश्वर-पाचगणीच्या पर्यटकांना दाखवा. सांगलीत बाळंतविड्यासाठी मऊ लोकरीचं, 25 चौकोनांचं करून बघा.

आज एकच चौकोन घड्याळ लावून विणा. किती वेळ लागला ते वहीत लिहा. तुमचा भाव तिथूनच ठरेल.