उवांचा हिशेब

तापाविषयी, खोकल्याविषयी, अगदी पोट बिघडल्याविषयीसुद्धा माणसे शेजारीपाजारी मोकळेपणाने बोलतात. मुलीच्या डोक्यात उवा झाल्या हे मात्र कोणी बोलत नाही. रविवारी दुपारी दार लोटून, खिडकीच्या उजेडात बसून, मांडीवर पांढरा कपडा पसरून तो कार्यक्रम गुपचूप उरकला जातो. मध्येच कोणी बेल वाजवली तर फणी उशीखाली जाते. तिळाएवढा जीव, पण सगळ्या घराची अब्रू त्याने वेठीला धरलेली असते.

या अब्रूची किंमत मोठ्यांपेक्षा मुलेच जास्त मोजतात. शाळेत एकदा बोभाटा झाला की बाकावर शेजारी कोणी बसत नाही. डबा खाताना मैत्रिणी जरा लांब सरकतात. घरी आईचा पारा चढतो आणि कौतुकाने वाढवलेल्या दोन वेण्या एका संध्याकाळी कात्रीखाली जातात. आठ-नऊ वर्षांच्या मुलीला यातून एवढेच कळते, की आपण घाणेरड्या आहोत. उवा महिन्याभरात जातात. ही समजूत मात्र पुष्कळ वर्षे डोक्यात राहते.

म्हणून आधी तिचाच समाचार घेऊ. ऊ स्वच्छ डोके आणि अस्वच्छ डोके असा भेद करीत नाही. तिला पंख नाहीत आणि उडीही मारता येत नाही. ती फक्त चालते. एका डोक्याला दुसरे डोके टेकले की ती केस धरून पलीकडे जाते. म्हणजे एका वहीत डोकी घालून चित्र काढणाऱ्या मैत्रिणींना, एका उशीवर झोपणाऱ्या भावंडांना, आजीच्या कुशीत गोष्ट ऐकणाऱ्या नातवंडांना उवा होतात. डोक्यातल्या उवेमुळे खाज सुटते, झोपमोड होते, खाजवून जखमा झाल्या तर त्या चिघळतात. पण ती रोग पसरवीत नाही. टायफसचा ताप पसरवणारी ऊ वेगळी, ती कपड्यांच्या शिवणीत राहते. डोक्यातली ऊ डोक्यावेगळी झाली की एक-दोन दिवसांत उपाशी मरते.

मग हा एवढा दुबळा जीव घरातून जात का नाही? याचे उत्तर मला आमच्या वांगणीत मिळाले. मध्य रेल्वेवर कर्जतकडे जाताना बदलापूर मागे टाकले की पुढचे स्टेशन वांगणी. मुंबईत, ठाण्यात, पुढे डोंबिवलीतही घर परवडेना, तशी माणसे रुळाच्या कडेकडेने इकडे सरकत आली. सकाळी अंधारात लोकल पकडायची, पावणेदोन तास उभ्याने जायचे आणि रात्री आठ-साडेआठला घरी यायचे. अशा घरातल्या आईकडे प्रेम असते, काळजी असते, औषधाच्या बाटलीपुरते पैसेही असतात. नसतो तो वेळ. आणि उवांना नेमका तोच लागतो.

याच वांगणीत शेकडो दृष्टिहीन माणसे संसार करून राहतात. लोकलच्या डब्यात कंगवे, केसांच्या पिना, किल्लीच्या साखळ्या विकून त्यांतल्या अनेकांचे घर चालते. १७ एप्रिल २०२१ रोजी इथल्या फलाटावरून एका दृष्टिहीन आईचा मुलगा रुळांवर पडला आणि पॉइंट्समन मयूर शेळके यांनी समोरून येणाऱ्या गाडीच्या तोंडातून त्याला उचलले, तेव्हा वांगणी हे नाव घराघरांत पोचले. पण त्याआधी कितीतरी वर्षे ही माणसे इथे आहेत. त्यांची मुले इथल्या शाळांत जातात आणि त्यांच्याही डोक्यांत, इतर मुलांसारख्याच, उवा होतात.

आमच्या आळीतल्या अशाच एका ताईंना मी संध्याकाळी दारात लेकीचे केस विंचरताना पाहत असे. त्यांना उजेडाची गरज नव्हती. तेल लावलेल्या केसांची एक बट चिमटीत धरायची, फणी टाळूला टेकवून शेवटपर्यंत ओढायची आणि दातांवरून ओले बोट फिरवायचे. ऊ बोटाला कळते. लीख केसाला घट्ट चिकटलेली असते. केस दोन बोटांतून ओढला की बारीक खडा लागतो. एक बट झाली की तिला पीळ देऊन पिन लावायची, मग दुसरी. घाई नाही, चिडचिड नाही. लेक तोंडाने पाढे म्हणत असे. डोळसांना दिसते आणि त्यामुळेच ते फसतात, हे मला तिथे पटले. आपण केस बाजूला करून पाहतो, पण उजेड पडताच ऊ झरझर बाजूला जाते. आपण म्हणतो, काही नाही.

हा केवळ माझा ग्रह नाही. इस्रायलमधल्या संशोधकांनी शाळकरी मुलांची डोकी आधी डोळ्यांनी आणि मग बारीक फणीने तपासली. २००१ साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षाप्रमाणे फणीची तपासणी नुसत्या नजरेच्या चौपट प्रभावी ठरली, आणि वेळही कमी लागला. त्याच देशात लाखीश या प्राचीन नगराच्या उत्खननात एक हस्तिदंती फणी सापडली होती. तिच्यावर कोरलेली पुसट अक्षरे वाचल्याचे २०२२ साली जाहीर झाले. सुमारे ३७०० वर्षांपूर्वीचा तो मजकूर म्हणजे केसांतल्या आणि दाढीतल्या उवा निघून जाव्यात अशी साधी इच्छा आहे. त्या फणीला एका बाजूला विरळ आणि दुसऱ्या बाजूला दाट दात आहेत. आपल्या बाजारात मिळणारी लाकडी फणी याहून वेगळी काय असते?

आता हिशेब. आयुष्य बँकेत गेल्यामुळे मला उवांचे सगळे गणित चक्रवाढ व्याजाचे वाटते. एक मादी दिवसाला आठपर्यंत लिखा घालते आणि साधारण महिनाभर जगते. लीख सात ते दहा दिवसांत फुटते. त्यातून निघालेले पिल्लू आणखी आठवडा-दीड आठवड्यात स्वतः लिखा घालू लागते. बरे, पहिल्यांदा उवा झालेल्या मुलाला खाज सुटायलाच चार ते सहा आठवडे लागू शकतात. म्हणजे आपल्याला पत्ता लागतो तोवर खात्यात व्याजावर व्याज चढलेले असते. एका रविवारी शंभर उवा काढल्या तरी लिखा शिल्लक राहतात, आणि पंधरवड्याने पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

पण या गणितातच त्याची सोडवणूकही आहे. पिल्लू बाहेर आल्यापासून लिखा घालेपर्यंत किमान सात दिवस जातात. तेवढ्यात ते फणीत सापडले तर पुढचे व्याज लागत नाही. इंग्लंडमध्ये यासाठी सोपे वेळापत्रक रूढ आहे: पहिला दिवस, पाचवा, नववा आणि तेरावा. सतराव्या दिवशी तपासणी. केस धुवायचे, ओले असतानाच कंडिशनर भरपूर लावायचा, मोठ्या कंगव्याने गुंता काढायचा आणि मग बारीक दातांच्या फणीने टाळूपासून टोकापर्यंत बटाबटाने विंचरायचे. आपल्याकडे खोबरेल तेल लावूनही हेच करता येते. ओल्या, बुळबुळीत केसांत उवेला पळता येत नाही. प्रत्येक वेळी फणी पांढऱ्या कपड्यावर पुसायची. कानामागे आणि मानेवर विशेष लक्ष द्यायचे, त्यांचा मुक्काम तिथे जास्त. २००५ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेल्या एका चाचणीत या पद्धतीने शंभरातली ५७ मुले उवामुक्त झाली. दुकानातून आणलेल्या औषधांनी फक्त १३.

याचा अर्थ औषध निरुपयोगी असा नाही. एक टक्का परमेथ्रिनचे औषध दोन महिन्यांवरील मुलांना चालते. धुऊन टिपलेल्या केसांना दहा मिनिटे लावायचे, धुऊन टाकायचे आणि नवव्या दिवशी पुन्हा लावायचे. ते लिखा मारत नाही, म्हणून हा दुसरा हप्ता चुकवायचा नाही. पुष्कळ देशांत उवांना त्याची सवय होऊन गेली आहे, तेव्हा गुण आला नाही तर तेच तेच न चोपडता डॉक्टरांना विचारावे. पोटात घेण्याच्या गोळ्या तर त्यांच्या सल्ल्याशिवाय कधीच देऊ नयेत.

काही उपाय मात्र घराबाहेरच ठेवावेत. रॉकेल लावलेले डोके आणि पेटलेला गॅस एका घरात असता कामा नये. शेतावरचे कीटकनाशक टाळूतून अंगात भिनते, त्यात जीव जाऊ शकतो. सीताफळाच्या बियांची पूड आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहे. पण ती डोळ्यांत गेली तर बुबुळाला इजा होते, आणि असे रुग्ण आपल्याच देशातल्या नेत्रतज्ज्ञांनी नोंदवले आहेत. ढेकणांचे औषध घरभर फवारण्याचीही गरज नाही. गेल्या दोन दिवसांत वापरलेले अभ्रे, टॉवेल, रिबिनी कढत पाण्यातून काढून कडक उन्हात वाळवल्या की पुरे. केस कापायलाच हवेत असे नाही. लांब केसांना वेळ अधिक लागतो, इतकेच.

शेवटची अट सर्वांत अवघड: घरातली सगळी डोकी एकाच दिवशी तपासायची. त्यात बाबा आले, आजी आली, कॉलेजात जाणारा दादाही आला. आपल्याकडे उवा मुलींना होतात आणि त्या काढायच्या आयांनी, अशी वाटणी झाली आहे. सून सकाळच्या लोकलने जाते, मुलगा तिच्या मागून. घरी रिकामा मी. तेव्हा आमच्याकडे फणी आजोबांच्या हातात आली. पहिल्या दिवशी नात लाजली, दुसऱ्या खेपेला तिनेच पाट आणून ठेवला. तेरा दिवसांत चार बैठका, प्रत्येकी तासभर. निवृत्त माणसाजवळ दुसरे असते काय? कॅलेंडरवर दूधवाल्याच्या खुणांशेजारी चार तारखांना गोल केले की झाले.

शाळांनीही एक गोष्ट करावी. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेची भूमिका अशी आहे, की उवांसाठी कोणत्याही मुलाला शाळेतून घरी पाठवू नये. ज्या दिवशी त्या दिसतात त्याच्या कितीतरी आधीपासून त्या तिथे असतात. फुटलेल्या लिखांची टरफले तर उवा गेल्यावरही केसाबरोबर वाढत महिनोन्‌महिने दिसत राहतात, म्हणून नुसती लीख पाहून कोणाला दोषी ठरवू नये. वर्गात एकाच मुलीला उभे करण्यापेक्षा सगळ्यांच्या घरी नावे न घेता एक चिठ्ठी पाठवावी आणि सगळ्या घरांनी एकाच रविवारी फणी हातात घ्यावी. एका घराने कितीही केले आणि शेजारच्या बाकावरचे डोके तसेच राहिले, तर महिन्याभराने खाते पुन्हा उघडते.

हे शेजारच्या घरी सांगायचे तर आधी स्वतःच्या घरची फणी उशीखालून बाहेर यायला हवी. दार उघडे ठेवून, उंबऱ्याशी बसून केस विंचरले तर पलीकडच्या वहिनीही धीर करून विचारतील, तुमच्याकडे कितवा दिवस आहे? त्यांना तारखा सांगाव्यात आणि फणी कुठे मिळाली तेही.