इंजिनाची पहिली होडी आणि तेलाची काटकसर

पावसाळ्यातली मासेमारीबंदी उठते, नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ अर्पण होतो आणि किनाऱ्यावरच्या गावांतून इंजिनांचे आवाज पुन्हा घुमू लागतात. दरवर्षी त्या आवाजांत काही आवाज अगदी नवे असतात. कोणी बापाच्या शिडाच्या होडीला इंजिन बसवलेले असते, तर कोणी कर्ज काढून पहिली यांत्रिक नौका घेतलेली असते. अशा नव्या नाखव्यांसाठी आणि त्यांच्या मुलांना गणित शिकवणाऱ्या गुरुजींसाठी हे चार शब्द आहेत.

शिडाच्या होडीला वारा फुकट मिळत होता. इंजिन आले आणि वाऱ्याची वाट पाहणे संपले; पण त्याबरोबर एक नवा भागीदार होडीत येऊन बसला. त्याचे नाव तेल. मासळी मिळो वा न मिळो, हा भागीदार आपला वाटा आधी घेतो. आपल्याकडे बऱ्याच गावांत अशी रीत आहे की, फेरीचा खर्च प्रथम वजा करायचा आणि उरलेल्या रकमेचे वाटे पाडायचे. म्हणजे वाया गेलेले डिझेल केवळ मालकाच्या खिशातून जात नाही. ते तांडेलाच्या आणि खलाशाच्या चुलीवरूनही जाते. चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला, अशी गत कित्येक फेऱ्यांची होते. मग दोष मासळीला दिला जातो, दैवाला दिला जातो. इंजिनाच्या मुठीवर असलेल्या स्वतःच्या हाताकडे मात्र फार थोड्यांचे लक्ष जाते.

तेव्हा पहिला प्रश्न असा की, तेल जाते कोठे? डिझेल इंजिनात जळणाऱ्या तेलातली साधारण एक तृतीयांश शक्तीच दांड्यापर्यंत पोचते. बाकीची उष्णतेच्या रूपाने धुराबरोबर आणि थंड करणाऱ्या पाण्याबरोबर निघून जाते. दांड्याला मिळालेल्या शक्तीतलाही मोठा हिस्सा पंखा पाणी नुसते घुसळण्यात घालवतो. जे शिल्लक राहते, त्याने होडी पुढे सरकते. एवढ्या थोड्या शिल्लकीवर आपला प्रपंच आहे, म्हणून ती नीट वापरली पाहिजे.

आता होडी पाण्यातून जाते तेव्हा काय होते ते पाहू. ती पाणी बाजूला सारते आणि त्याच्या लाटा होतात. एक नाळेजवळ आणि एक मागे. वेग वाढला की या लाटांमधले अंतर वाढत जाते. होडीच्या लांबीएवढे अंतर झाले म्हणजे होडी जणू दोन लाटांच्या खळग्यात सापडते. पुढची लाट नाळ वर उचलते आणि मागची बाजू खाली बसते. यापुढे वेग वाढवायचा म्हणजे स्वतःच उभी केलेली टेकडी चढायची! इंजिन कितीही गरजले तरी होडी फारशी पुढे सरत नाही, तेल मात्र भराभर उतरते. विल्यम फ्रूड नावाच्या इंग्रज अभियंत्याने एकोणिसाव्या शतकात जहाजांच्या लहान प्रतिकृती पाण्यातून ओढून या गोष्टीचा पद्धतशीर अभ्यास केला. आज मोठमोठ्या जहाजांचे आराखडे त्याच पायावर होतात.

यातून नाखव्याला उपयोगी असा एक सोपा ठोकताळा निघतो. होडीचा जेवढा भाग पाण्याच्या रेषेवर टेकतो, त्याची लांबी फुटांत मोजा आणि तिचे वर्गमूळ काढा. येणारी संख्या म्हणजे तुमच्या होडीचा काटकसरीचा वेग, नॉटमध्ये. एक नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल, अर्थात 1852 मीटर. लांबी 25 फूट असेल तर वर्गमूळ 5, म्हणून वेग 5 नॉट. लांबी 36 फूट असेल तर 6 नॉट. हेच वर्गमूळ 1.34 ने गुणले की, जिच्यापलीकडे जड होडीने जाऊ नये ती मर्यादा मिळते. 25 फुटांना ती सुमारे पावणेसात नॉट आहे आणि 36 फुटांना सुमारे आठ नॉट. या दोन आकड्यांच्या मध्ये कोठेतरी चालावे. मात्र पहिल्याकडे जितके झुकाल तितके तेल वाचेल.

किती वाचेल? इथे गुरुजींनी फळा पुसून घ्यावा. जड होडीला लागणारी शक्ती साधारणपणे वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. समजा, 36 फुटी नौका 8 नॉट वेगाने ताशी 12 लिटर डिझेल घेते. जाऊन येऊन अंतर 48 सागरी मैल आहे. आठच्या वेगाने सहा तास लागतील आणि 72 लिटर तेल जळेल. आता वेग 7 नॉट केला. सातास आठने भागून त्याचा घन केला, तर उत्तर दोन तृतीयांशाच्या जवळपास येते. म्हणजे ताशी खर्च 12 वरून सुमारे 8 लिटरवर उतरतो. वेळ लागेल सहा तास एकावन्न मिनिटे आणि तेल जळेल सुमारे 55 लिटर. एकावन्न मिनिटे जास्त दिली आणि 17 लिटर वाचवले. महिन्याला अशा वीस फेऱ्या झाल्या तर 340 लिटर झाले. याला आजच्या भावाने गुणा आणि तो आकडा घरातल्या माणसांना वाचून दाखवा. थेंबे थेंबे तळे साचे, ही म्हण इतकी खरी क्वचितच ठरत असेल.

आता तुम्ही म्हणाल, "बंदरात आधी पोचणाऱ्याला भाव चांगला मिळतो, मग आम्ही रेंगाळायचे का?" प्रश्न रास्त आहे. मासळी भरलेली असेल, बर्फ संपत आला असेल आणि लिलावाची वेळ जवळ आली असेल, तर अवश्य वेग वाढवा. कारण मासळी नासली तर वाचवलेल्या तेलाला काय चाटायचे? पण रिकामी होडी घेऊन जाताना, शेजारच्या होडीच्या पुढे काढण्याच्या ईर्ष्येपायी मूठ शेवटापर्यंत ओढणे हा निव्वळ तोटा आहे. पहाटे अर्धा तास आधी निघावे आणि सावकाश जावे. तो अर्धा तास फुकट आहे, तेल फुकट नाही.

हा हिशेब जड होडीचा झाला. फायबरची हलकी, सपाट बुडाची होडी आणि तिच्या मागे टांगलेले पेट्रोलचे इंजिन, ही जात थोडी वेगळी. पुरेशी शक्ती मिळाली की ती लाटेवर चढून पाण्याच्या पाठीवरून सरपटू लागते. अशा होडीला दोन चाली परवडतात: एक अगदी सावकाश आणि दुसरी नीट वर आल्यानंतरची. मधली चाल, जिच्यात नाळ आकाशाकडे आणि शेपूट पाण्यात असते, ती सर्वांत खर्चिक. होडी त्या अवस्थेत अडकत असेल तर सामान आणि माणसे थोडी पुढे सरकवा. तरीही ती वर येत नसेल तर ओझे जास्त आहे असे समजा आणि मूठ सैल करून सावकाशच जा. इंजिन नव्याने घेत असाल, तर दोन धक्क्यांच्या इंजिनापेक्षा चार धक्क्यांचे इंजिन तेल कमी खाते, हेही ध्यानात ठेवा. किंमत जास्त वाटेल, पण किंमत एकदाच द्यायची असते.

जड नौकेसाठी इंजिन निवडताना मोठ्या आकड्याचा मोह टाळावा. होडीच्या भरल्या वजनाच्या दर टनामागे चार-पाच अश्वशक्ती असल्या की साध्या चालीला पुरतात. डिझेल इंजिन एका अश्वशक्तीसाठी तासाला साधारण पाव लिटर तेल घेते. तेव्हा चाळीस अश्वशक्ती पूर्ण वापरल्या तर तासाला दहा लिटर गेले. ज्याच्याकडे ऐंशी आहेत त्याला त्या वापरण्याचा मोह होतोच, आणि वर सांगितलेली टेकडी चढण्यातच तो त्या घालवतो.

पंख्याचे महत्त्व इंजिनापेक्षा कमी नाही. लाकडात स्क्रू फिरवला की एका फेऱ्यात तो ठरावीक अंतर आत जातो. पंखाही पाण्यात तसाच पुढे सरू पाहतो आणि एका फेऱ्यातल्या त्या अंतराला त्याचा पेच म्हणू. पेच फार मोठा असला तर इंजिनाचे फेरे पुरे होत नाहीत, ते दमते आणि काळा धूर ओकते. पेच फार लहान असला तर इंजिन मोकळे पळते, होडी मात्र तेथेच. मोठा पंखा सावकाश फिरवणे हे लहान पंखा जोराने फिरवण्यापेक्षा बहुधा फायद्याचे असते. म्हणूनच इंजिन आणि दांडा यांच्यामध्ये फेरे कमी करणारा गिअर बसवतात. दुसऱ्याच्या होडीचा पंखा स्वस्तात मिळाला म्हणून आपल्या होडीला लावू नये. तो तिच्या मापाचा होता, तुमच्या होडीच्या मापाचा नव्हे. पात्याची कड वाकली असेल वा तिला खाचा पडल्या असतील तर दुरुस्त करून घ्या. पंख्याला जाळ्याचा दोर गुंडाळला गेला असेल तर तो पूर्ण काढल्याखेरीज पुढे जाऊ नका.

होडीचे बूड हाताने चाचपून पाहा. आपल्या उबदार पाण्यात त्यावर शेवाळ आणि बारीक शिंपल्यांचे थर लवकर चढतात. खडबडीत बूड म्हणजे पाण्यातून गोणपाट ओढत नेणे! होडी ओढून घ्याल तेव्हा बूड खरवडून स्वच्छ करा आणि शेवाळ न धरणारा रंग लावा. तळात साचलेले पाणी, जुनी जाळी, नको असलेले दगड असे उगाच ओझे वाहू नका.

इंजिनाची प्रकृती धुरावरून कळते. काळा धूर म्हणजे ओझे जास्त, हवा कमी किंवा तेलाचा फवारा बिघडलेला. निळा धूर म्हणजे वंगणाचे तेल जळते आहे. इंजिन गरम झाल्यावरही पांढरा धूर येत राहिला तर तेल नीट जळत नाही किंवा आत पाणी शिरते आहे. डिझेल गाळून भरा, गाळण्या वेळेवर बदला आणि टाकीच्या तळाशी जमणारे पाणी काढत जा. जाळे लावून वाट पाहत बसला असाल तर इंजिन बंद ठेवा.

एवढे यंत्रपुराण झाल्यावर वाडवडिलांची विद्या विसरून चालणार नाही. डोल लावणाऱ्याला भरती-ओहोटीचे वेळापत्रक तोंडपाठ असते. तेच इंजिनालाही लागू करा. खाडीच्या तोंडाशी ओढ 2 नॉटची असेल आणि होडी 6 नॉटने चालत असेल, तर ओढीबरोबर ती 8 ने जाईल, ओढीविरुद्ध 4 ने. बारा मैलांना पहिल्या वेळी दीड तास आणि दुसऱ्या वेळी तीन तास! इंजिन तेच, मूठ तीच, तेल मात्र दुप्पट. उधाणाच्या दिवसांत हा फरक अधिक, भांगाच्या दिवसांत कमी. पहाटेचा मतलई वारा जाताना पाठीशी असतो आणि दुपारचा खारा वारा परतताना. जिच्यावर शीड उभारता येते त्या होडीवरची डोलकाठी इंजिन आले म्हणून जळणात घालू नका.

सरतेशेवटी, एक वही घाला. निघताना टाकी खुणेपर्यंत भरा, आल्यावर पुन्हा त्याच खुणेपर्यंत भरा आणि किती लिटर लागले, किती तास इंजिन चालले, किती मैल गेलात ते लिहा. उपग्रहावर चालणारे यंत्र होडीवर असेल तर वेग त्यावर दिसतो. पण तो जमिनीच्या हिशेबाचा असतो, त्यात ओढीचा वेगही मिसळलेला असतो. म्हणून तेच अंतर जाऊन येऊन मोजा आणि दोन्ही वेगांची सरासरी काढा. शाळेत जाणाऱ्या मुलामुलीकडे ही वही सोपवा. भागाकार, सरासरी, वर्गमूळ आणि घन यांचा इतका चांगला धडा पुस्तकात सापडणार नाही. एके दिवशी तेच मूल सांगेल की, गेल्या पंधरवड्यात खर्च वाढला आहे, बूड पाहायला हवे.

मात्र काटकसर कोठे करू नये तेही ठाऊक हवे. एक तृतीयांश तेल जायला, एक तृतीयांश यायला आणि एक तृतीयांश राखीव, हा नियम मोडू नका. वारा उलटला, सोबतच्या होडीला ओढून आणावे लागले, तर ते राखीव तेल म्हणजे माणसांचे प्राण. जीवरक्षक जाकिटे, नांगर, संदेशाचे यंत्र ही ओझी म्हणून किनाऱ्यावर ठेवू नका. बुडाला शेवाळ नसावे, मुठीत घाई नसावी आणि टाकीत परतीचे तेल नेहमी असावे. मग दर्याने दिलेल्या घासातला थोडा अधिक वाटा तुमच्या घरी पोचेल.