गतिशिल्प

प्रत्यक्ष गती हा ज्याच्या रचनेचा मूलघटक असतो, असा शिल्पप्रकार. वारा, पाणी, हात अथवा विजेची मोटर ह्यांपैकी एखाद्या साधनाने शिल्पाचे भाग हलतात व प्रेक्षकाला एकाच आकाराऐवजी कालक्रमाने बदलणारी आकारमालिका दिसते.

गतीचा आभास आणि प्रत्यक्ष गती ह्यांत भेद केला पाहिजे. नटराजमूर्तीत नृत्याचा आवेग असला, तरी धातू स्थिरच असतो. परभणी जिल्ह्यातील जिंतूरजवळच्या नेमगिरी येथील जैन लेण्यांत अंतरिक्ष पार्श्वनाथाची भव्य मूर्ती लहानशा पाषाणावर तोललेली असून ती अधांतरी असल्याचा भास होतो. तेथे तोल अढळ राहतो. गतिशिल्पात तो क्षणोक्षणी मोडतो व पुन्हा साधला जातो.

हलत्या प्रतिमांची कल्पना भारतात जुनी आहे. धारच्या भोजाच्या नावे असलेल्या समरांगणसूत्रधार ह्या अकराव्या शतकातील ग्रंथात यंत्रांवर स्वतंत्र अध्याय असून त्यात यांत्रिक बाहुल्यांचे वर्णन आढळते. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील पिंगुळी येथील ठाकर समाजाने कळसूत्री बाहुल्यांची परंपरा जतन केली आहे. बाहुलीची गती मात्र सूत्रधाराच्या बोटांत असते. गतिशिल्पाची त्याच्या रचनेतच योजलेली असते.

आधुनिक गतिशिल्पाचा उगम यूरोपात झाला. मार्सेल द्यूशाँ (१८८७–१९६८) ह्याने १९१३ मध्ये स्टुलावर सायकलचे चाक बसविले. नाउम गाबो (१८९०–१९७७) ह्याने १९१९-२० मध्ये पोलादी कांब मोटरने कंपित करून अवकाशात तरंगाकृती दाखविली. अलेक्झांडर कॉल्डर (१८९८–१९७६) ह्याची टांगती शिल्पे हवेच्या झुळकीने हलत. द्यूशाँने त्यांना ‘मोबाइल’ हे नाव सुचविले. कॉल्डर १९५५ मध्ये साराभाई कुटुंबाच्या निमंत्रणावरून अहमदाबादेस आला व तेथे त्याने काही शिल्पे घडविली.

झां टँग्ली (१९२५–९१) ह्याने १९५९ मध्ये चित्रे काढणारी यंत्रे प्रदर्शित केली. यंत्राच्या भुजेला जोडलेली लेखणी कागदावर रेघोट्या उमटवी. यंत्रयुगाचा हा उपहास होता. १९६० मध्ये न्यूयॉर्क येथे त्याने स्वतःचाच नाश करणारे यंत्र उभारले. हॅरल्ड कोहेन (१९२८–२०१६) ह्याने १९७० नंतरच्या दशकात संगणकाला रेखनाचे नियम देऊन ‘ॲरन’ ही प्रणाली रचली. तीत नियम माणसाचे व रेषा यंत्राची अशी विभागणी होती. अलीकडच्या प्रतिमानिर्मिती करणाऱ्या संगणकप्रणाली असंख्य चित्रांतून आकृतिबंध स्वतःच शोधतात. त्यामुळे कर्ता कोण, हा प्रश्न अधिक बिकट झाला आहे.

महाराष्ट्रात गतिशिल्पाचे सर्वांत लोकाभिमुख रूप म्हणजे गणेशोत्सवातील हलते देखावे होत. ह्या उत्सवाला १८९३-९४ पासून व्यापक सार्वजनिक स्वरूप आले. पुढे विजेच्या मोटरीमुळे पौराणिक व ऐतिहासिक प्रसंगांतील मूर्ती हलू लागल्या. मोटरीच्या जलद फेऱ्या पट्टा व लहानमोठी चाके ह्यांच्या साहाय्याने मंद केल्या जातात. चाकावर केंद्रापासून दूर बसविलेल्या खिळीला दांडा जोडला, की चाकाच्या प्रत्येक फेरीत तो एकदा पुढे व एकदा मागे सरकतो आणि मूर्तीची मान वा हात हलतो. खीळ केंद्रापासून जितकी दूर, तितका हालचालीचा पल्ला मोठा. अशी अनेक चाके एकाच आसावर निरनिराळ्या कोनांत बसविल्यास एका मूर्तीनंतर दुसरी हलते व प्रसंगाला कथेचा क्रम लाभतो. कलादालनांच्या क्षेत्रात मुंबईचे सुदर्शन शेट्टी (१९६१– ) ह्यांनी यांत्रिक हालचालींचा उपयोग केला आहे.

गतिशिल्पाचे जतन अवघड असते. चालविल्यास ते झिजते व बंद ठेवल्यास त्याचा आशयच लोपतो. बाझेल येथील टँग्ली संग्रहालयात (स्थापना १९९६) म्हणूनच काही यंत्रे ठराविक अंतरानेच चालविली जातात. हलत्या देखाव्यांच्या बाबतीत ही अडचण आणखी मोठी आहे. कारण उत्सव संपताच ते उतरविले जातात. छायाचित्रात मूर्ती राहते, गती राहत नाही. यंत्ररचनेची रेखाटने, चाकांची मापे व हालचालींचा क्रम नोंदविल्याशिवाय ह्या कारागिरीचा इतिहास पुढील पिढ्यांना उपलब्ध होणार नाही.