माचू पिक्चूचं पाणी पाहिलंत का?

बस बंद, रेल्वेच्या रुळांवर दगड आणि ओंडके, सुमारे १४०० पर्यटकांना बाहेर काढलं, शेकडो तसेच अडकले. सप्टेंबर २०२५ च्या मध्यावर माचू पिक्चूहून आलेली ही बातमी सगळ्यांनी वाचलीच असेल. भांडण कसलं, तर पायथ्याच्या आग्वास कालिएन्तेस गावातून वर प्रवेशद्वारापर्यंत जाणाऱ्या बसच्या ठेक्याचं. जेमतेम अर्ध्या तासाचा वळणावळणाचा रस्ता, पण पेरू देशाच्या सरकारला त्याचा वाद काही सोडवता आला नाही.

वरचं माचू पिक्चू गाव वसवणाऱ्या इंकांकडे ना चाकाची गाडी होती, ना लोखंडाची पहार. तरी पंधराव्या शतकात, पाचाकुती राजाच्या काळात, त्यांनी हा कडा बांधून काढला. तिथे वर्षाला जवळपास २००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि दरडी कोसळतात. मग हे गाव घसरलं कसं नाही?

हा प्रश्न केनेथ राइट यांना पडला. ते पुरातत्त्वज्ञ नव्हेत, पाण्याची कामं करणारे अमेरिकी अभियंते. १९९४ साली अभ्यासाची परवानगी मिळाल्यावर त्यांनी देवळं-राजवाडे बाजूला ठेवून गटारं मोजली! हिशेब असा निघाला, की इथल्या बांधकामाचं निम्म्याहून जास्त काम जमिनीखाली आहे. शेतीच्या तालींत वर माती, तिच्याखाली वाळू-खडी, तळाशी मोठे दगड. मधल्या चौकाखाली घडाईतून उरलेल्या कपच्यांची भर. पाणी निचरून जावं म्हणून भिंतींतून काढलेली सुमारे १३० तोंडं. पिण्याचं पाणी मात्र वेगळं : डोंगरातल्या झऱ्यापासून ७४९ मीटरचा दगडी पाट आणि उतारावर एकाखाली एक १६ कुंडं. पहिलं कुंड अर्थातच राजाच्या दाराशी. तेवढी रीत जगभर सारखीच.

यातलं पर्यटकाला काय दिसतं? फारसं काहीच नाही. ठरलेल्या जागी उभं राहून तोच तो फोटो काढायचा आणि खाली बससाठी रांग लावायची. आता तिकिटावरच मार्ग ठरलेला असतो, पुढे गेलं की मागे फिरता येत नाही. म्हणून तिकीट काढतानाच कुंडांजवळून जाणारा मार्ग कोणता, ते विचारून घ्या. आणि विरळ हवेची धास्ती माचू पिक्चूसाठी नको, ते २४३० मीटरवर आहे. दम लागतो तो ३४०० मीटरवरच्या कुस्को शहरात. तिथे विमानातून उतरल्यावर आधी त्याहून खालच्या उरुबाम्बाच्या खोऱ्यात दोन रात्री काढल्या तर डोकं शाबूत राहतं. बऱ्याच सहल कंपन्यांच्या कार्यक्रमात नेमकं उलटं असतं.

राइट यांच्या चमूला पूर्वेच्या उतारावरच्या रानात आणखी काही कुंडं सापडली, गाळानं बुजलेली. माणसांनी गाळ उपसला, पाटातली घाण काढली. पन्हळीतून पाण्याची धार पुन्हा पडू लागली.