चाळीतल्या खोलीला नवा रंग

'चाळ पाडायची म्हणतात, मग आता रंगावर पैसे कशाला घालवायचे?' लालबाग-परळकडे हे वाक्य घरोघरी ऐकू येतं. वरळीच्या बीडीडी चाळींतल्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या खऱ्या, पण भूमिपूजन झालं होतं २०१७ साली! तेवढ्यात पहिलीतली मुलगी नववीत जाते. इतकी वर्षं भिंतीचे पोपडे बघत का काढायची?

खर्च मात्र बेताचा हवा. पाऊस झेलणाऱ्या भिंतीला ऑइलपेंट किंवा वॉलपेपर नकोच. ओल आत कोंडते, फुगे येतात, कागदामागे बुरशी धरते. तिथे आपला चुनाच बरा, ओल सुकायला वाव राहतो. पाऊस सरल्यावर, दिवाळीआधी हे काम काढावं. जुना डिस्टेंपर आधी नीट खरवडा, नाहीतर चुना धरत नाही. चुनकळी पत्र्याच्या जुन्या डब्यात भिजवा. ती खदखदते, तेव्हा मुलांना दूर ठेवा. दुसऱ्या दिवशी फडक्यातून गाळून डिंकाचं पाणी आणि चिमूटभर नीळ घाला.

वॉलपेपरची हौस आतल्या कोरड्या भिंतीवर भागवावी. नेहमीच्या गुंडाळीत साधारण ५७ चौरस फूट कागद असतो. १० फूट लांब, ९ फूट उंच भिंतीला दोन पुरतात. नक्षी जुळवायची असेल तर तीन घ्या. १६० चौरस फुटांच्या खोलीत मोठाली फुलं अंगावर येतात, बरं का! उरलेला कागद कपाटाच्या दारांना लावा. शेगडीमागची भिंत कोरडी असेल तर तिथे ऑइलपेंटच द्यावा. फोडणीचे डाग साबणाच्या फडक्याने निघतात.