सांध्यांचा दाह आणि औषधांची पारख

भिलाईच्या पोलाद कारखान्यातील पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी सुरू झाली. दुर्ग जिल्ह्यातील भातखाचरांच्या शेजारी त्यानंतर एक औद्योगिक नगर उभे राहिले व देशाच्या निरनिराळ्या भागांतून आलेली माणसे तेथे स्थायिक झाली. विदर्भातील मराठी कुटुंबेही त्यांत होती. दुर्ग आणि नागपूर हे १९५६ पर्यंत एकाच राज्याचे भाग होते, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे. या साऱ्या प्रदेशात, छत्तीसगडमध्ये काय किंवा पूर्व विदर्भात काय, वैद्याला नित्य भेडसावणारा एक प्रश्न आहे. दहा वर्षांच्या एखाद्या मुलाला ताप येतो, गुडघा सुजतो, रात्री वेदनेने झोप लागत नाही. हे दुखणे कशाचे?

त्याची निदान तीन उत्तरे संभवतात. घशात शिरलेल्या स्ट्रेप्टोकोकस जंतूंमुळे आलेला संधिवाती ज्वर हे पहिले. या ज्वरात सांधे काही आठवड्यांत पूर्ववत होतात, परंतु हृदयाच्या झडपा कायमच्या बिघडू शकतात. म्हणून पुढे कित्येक वर्षे दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन द्यावे लागते. दुसरे उत्तर सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचे. या भागातील अनेक समाजांत तो आढळतो. कोयत्याच्या आकाराच्या झालेल्या तांबड्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडासांध्यांत तीव्र कळा येतात. त्यावर हायड्रॉक्सियुरिया हे औषध उपयोगी पडते. तिसरे उत्तर असे की, शरीराची प्रतिकारसंस्थाच स्वतःच्या सांध्यांवर उलटली आहे. या मुलाला हवे असलेले औषध पहिल्या दोघांच्या औषधांहून सर्वस्वी निराळे असते. सांध्याचा दाह त्वरित शमविणारे स्टेरॉइड जर सिकलसेलच्या रुग्णाला निदान न करता दिले, तर त्याच्या कळा उलट वाढण्याचा धोका असतो.

वेदना एकच, पण तिच्या मुळाशी असलेली कारणे वेगळी आणि औषधेही वेगळी. संधिरोगांवरील औषधांच्या संशोधनाचा इतिहास म्हणजे ही वेगळेपणाची जाणीव हळूहळू कशी स्पष्ट होत गेली, त्याचाच इतिहास होय.

भिगवणची पाहणी

‘सांधे धरले’ ही तक्रार आपल्याकडे इतकी सर्वसाधारण मानली जाते की, तिची मोजदाद करावी असे फारसे कोणाला वाटले नव्हते. जागतिक आरोग्य संघटनेने आणि संधिरोगतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने १९८१ मध्ये ‘कॉपकॉर्ड’ नावाचा कार्यक्रम हाती घेतला. समाजात प्रत्यक्ष जाऊन, महागड्या तपासण्यांवर विसंबून न राहता, संधिरोगांचे प्रमाण ठरवावे हा त्याचा हेतू होता. भारतातील या कामाचे एक महत्त्वाचे केंद्र ठरले ते पुणे जिल्ह्यातील, इंदापूर तालुक्यातील भिगवण हे गाव. पुणे-सोलापूर रस्त्यावरील, उजनी जलाशयाच्या काठच्या या गावात डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये घरोघर जाऊन पाहणी सुरू केली.

एकूण ४,०९२ प्रौढांची विचारपूस करण्यात आली. त्यांपैकी ७४६ जणांना, म्हणजे शेकडा १८ हून थोड्या अधिक लोकांना, स्नायूंचे, हाडांचे किंवा सांध्यांचे दुखणे असल्याचे आढळले. सांध्यांच्या झिजेचा विकार शेकडा सहाच्या जवळपास होता. प्रतिकारसंस्थेच्या बिघाडातून उद्भवणारा रुमॅटॉइड आर्थ्रायटिस, ज्याला सामान्यतः आमवात म्हटले जाते, तो शेकडा अर्ध्या, म्हणजे दर दोनशे प्रौढांमागे सुमारे एका व्यक्तीत दिसून आला. वरवर पाहता हा आकडा लहान वाटतो. परंतु हा रोग बहुधा कर्त्या वयात जडतो, पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक आढळतो आणि योग्य उपचार न झाल्यास बोटे कायमची वाकडी करतो. ज्या घरात दळणकांडण, पाणी आणि खुरपणी हातांवर अवलंबून असते, तेथे असे एक दुखणे सबंध कुटुंबाची घडी विसकटून टाकते.

वेदना शमविणे आणि रोग रोखणे

सांध्यांच्या आजारांची नोंद आपल्या वैद्यकात जुनी आहे. माधवकराच्या ‘माधवनिदान’ या ग्रंथात आमवाताचे स्वतंत्र प्रकरण आहे. आधुनिक औषधांची कथा मात्र १८९७ मध्ये तयार झालेल्या अ‍ॅस्पिरिनपासून सांगता येईल. अ‍ॅस्पिरिन कसे काम करते, हे पुढे सात दशकांहून अधिक काळ कोणालाच ठाऊक नव्हते. शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाची दाहकारक द्रव्ये तयार होतात व अ‍ॅस्पिरिन त्यांच्या निर्मितीत अडथळा आणते, असे जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवून दिले. या जातीची औषधे वेदना आणि सूज कमी करतात. परंतु आमवाताचा रोग आतून हाड व कूर्चा पोखरतच राहतो. घरात धूर भरला म्हणून खिडकी उघडावी, पण चूल तशीच धुमसत ठेवावी, तसा हा प्रकार होय.

दुसरा टप्पा अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये गाठला गेला. काविळीच्या काळात किंवा गरोदरपणी आमवाताच्या रुग्णांचे दुखणे ओसरते, हे फिलिप हेंच यांच्या ध्यानात आले होते. तेव्हा शरीरातच हा दाह शमविणारे एखादे द्रव्य असले पाहिजे, असा तर्क त्यांनी केला. सप्टेंबर १९४८ मध्ये त्यांनी एका तरुण रुग्ण स्त्रीला कॉर्टिसोन हे संप्रेरक टोचले आणि काही दिवसांतच अंथरुणाला खिळलेली ती स्त्री चालू लागली. या शोधाबद्दल हेंच, केंडाल आणि राइखश्टाइन यांना १९५० चे नोबेल पारितोषिक देण्यात आले. परंतु लवकरच दुसरी बाजूही समोर आली. मोठ्या मात्रेत दीर्घकाळ घेतलेल्या स्टेरॉइडमुळे हाडे ठिसूळ होतात, रक्तातील साखर वाढते, चेहरा सुजतो आणि जंतुसंसर्गाला वाट मिळते. शिवाय औषध अचानक थांबविले, तर रुग्णाच्या जिवावरही बेतू शकते.

एका दुर्लक्षित औषधाचा प्रवास

आज आमवाताच्या उपचाराचा पाया मानले जाणारे मेथोट्रेक्झेट हे औषध मुळात या रोगासाठी बनविलेलेच नव्हते. आंध्रातील भीमवरम येथे जन्मलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव अमेरिकेतील लेडर्ली प्रयोगशाळेत फॉलिक आम्लावर संशोधन करीत होते. वेगाने वाढणाऱ्या पेशींना या जीवनसत्त्वाची गरज असते. त्याच्यासारखीच दिसणारी, पण त्याचे काम बंद पाडणारी काही रसायने त्यांच्या चमूने तयार केली. त्यांपैकी अमिनोप्टेरिन वापरून सिडनी फार्बर यांनी रक्ताच्या कर्करोगाने आजारी असलेल्या मुलांचा रोग काही काळ मागे हटविला. ते १९४८ साल होते. त्याच वर्षी सुब्बाराव यांचे निधन झाले.

अमिनोप्टेरिन आमवातावरही गुणकारी दिसते, असे गब्नर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५१ मध्ये नोंदविले. परंतु सर्वांचे डोळे त्या वेळी कॉर्टिसोनच्या चमत्काराने दिपलेले होते. शिवाय कर्करोगावरील विषारी औषध सांध्यांसाठी द्यावे, हे पटण्यासारखे नव्हते. अमिनोप्टेरिनचेच भावंड असलेले मेथोट्रेक्झेट आठवड्यातून एकदाच, अगदी अल्प मात्रेत दिल्यास आमवात काबूत येतो, हे नियंत्रित चाचण्यांनी सिद्ध व्हायला १९८५ साल उजाडावे लागले. अमेरिकेतील औषध प्रशासनाने १९८८ मध्ये या रोगासाठी त्याला मान्यता दिली. पहिल्या निरीक्षणापासून मान्यतेपर्यंत ३७ वर्षे गेली आणि तेवढ्या काळात असंख्य रुग्णांचे हात वाकडे झाले.

चाचणीची कसोटी

औषध गुणकारी आहे की नाही, हे ठरविणे संधिरोगांत विशेष अवघड असते. हे रोग आपोआप कमीजास्त होतात. रुग्ण वैद्याकडे येतो तो बहुधा दुखणे शिगेला पोचल्यावर. त्यानंतर काहीही दिले तरी थोडा उतार पडण्याचा संभव असतोच. यासाठी रुग्णांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडतात. एकाला खरे औषध आणि दुसऱ्याला तशीच दिसणारी निरुपद्रवी गोळी दिली जाते; कोणाला काय मिळाले, हे रुग्ण व वैद्य या दोघांनाही ठाऊक नसते.

पुण्यातील एका चाचणीने या पद्धतीची आवश्यकता उत्तम रीतीने दाखविली. अश्वगंधा, सालई, सुंठ आणि हळद यांपासून केलेले एक औषध आमवाताच्या १८२ रुग्णांवर १६ आठवडे पारखण्यात आले. निष्कर्ष २००० मध्ये प्रसिद्ध झाले. औषध घेणाऱ्यांपैकी शेकडा ३९ जणांत ठरावीक सुधारणा दिसली. एवढेच पाहिले असते, तर औषधाचा जयजयकार झाला असता. परंतु नुसती गोळी घेणाऱ्यांपैकीही शेकडा ३० जण सुधारले होते आणि हा फरक योगायोगाने पडू शकेल इतपतच होता. सांध्यांची सूज मात्र औषधाच्या गटात लक्षणीय प्रमाणात कमी झाली. संशोधकांनी या दोन्ही गोष्टी नोंदविल्या. याच परंपरेतील दुसऱ्या एका मोठ्या चाचणीत गुडघ्याच्या झिजेवर आयुर्वेदिक मिश्रणे प्रचलित औषधांच्या बरोबरीची ठरली, पण काही रुग्णांत यकृताची विकरे वाढल्याचेही आढळले. औषध थांबविल्यावर ती पूर्ववत झाली. वनस्पतिजन्य आहे म्हणून निर्धोक, किंवा परंपरागत आहे म्हणून निरुपयोगी, हे दोन्ही ग्रह चाचणीपुढे टिकत नाहीत.

नवी औषधे आणि जुनी औषधे

लंडनमध्ये मार्क फेल्डमन आणि लुधियानात जन्मलेले रविंदर मैनी यांनी सांध्यातील दाहाचा सूत्रधार शोधला. टीएनएफ नावाचे एक प्रथिन इतर दाहकारक द्रव्यांना चेतविते, असे त्यांना आढळले. ते निष्प्रभ करणारे प्रतिपिंड त्यांनी १९९२ मध्ये रुग्णांना दिले व त्यांना फार लवकर आराम पडला. यातूनच जैविक औषधांचे युग सुरू झाले. मात्र टीएनएफ हे प्रथिन क्षयाच्या सुप्त जंतूंना कोंडून ठेवण्यासही मदत करते. ही औषधे घेणाऱ्यांत क्षय उफाळून येतो, हे २००१ मध्ये स्पष्ट झाले. आपल्या देशात अशा औषधापूर्वी क्षयाची तपासणी करणे म्हणूनच अनिवार्य ठरते. नंतर आलेल्या तोंडाने घ्यावयाच्या टोफॅसिटिनिब या औषधाच्या बाबतीतही, हृदयविकाराचा धोका असलेल्या पन्नाशीपुढील रुग्णांत हृदयविकार आणि कर्करोग टीएनएफविरोधी औषधांपेक्षा काहीसे अधिक आढळतात, असे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दीर्घ अभ्यासाने दाखविले.

जैविक औषधांची किंमत हा आणखी एक अडसर. भारतीय कंपन्यांनी २०१४ पासून अ‍ॅडॅलिम्युमॅबसारख्या औषधांच्या स्वस्त प्रतिकृती बाजारात आणल्या, तरी त्या अनेक कुटुंबांच्या आवाक्याबाहेरच आहेत. या दृष्टीने अमेरिकेत जेम्स ओडेल व सहकाऱ्यांनी केलेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीचे मोल फार मोठे आहे. केवळ मेथोट्रेक्झेटने पुरेसा गुण न आलेल्या ३५३ रुग्णांपैकी काहींना महागडे जैविक औषध आणि इतरांना दोन जुनी, स्वस्त औषधे जोडून देण्यात आली: स्वीडनच्या नाना स्वार्ट्झ यांनी १९३० नंतरच्या दशकात पुढे आणलेले सल्फासॅलॅझिन आणि मूळचे हिवतापावरचे हायड्रॉक्सिक्लोरोक्विन. अठ्ठेचाळीस आठवड्यांनंतर जुन्या औषधांची ही तिकडी जैविक औषधापेक्षा उणी ठरली नाही.

रुग्णाच्या घरापर्यंत

संशोधनाचे फळ शेवटी रुग्णाच्या घरी, औषधाच्या पाकिटावरील चार शब्दांत उतरते. मेथोट्रेक्झेट आठवड्यातून एकाच ठरलेल्या दिवशी घ्यावयाचे असते. ते चुकून रोज घेतले गेल्यास तोंडात फोड येतात, रक्तपेशी घटतात आणि मृत्यूही ओढवतो. म्हणून पाकिटावर वार लिहावा, सोबत फॉलिक आम्लाची गोळी द्यावी आणि रक्ताची व यकृताची तपासणी वेळोवेळी करावी, असे सांगितले जाते. गर्भारपणात हे औषध वर्ज्य आहे. याउलट, नाव नसलेल्या ज्या पुडीने चार दिवसांत सांधे मोकळे होतात, तिच्यात स्टेरॉइड मिसळलेले असण्याची शंका अवश्य घ्यावी.

आमवातात काळाचे महत्त्व सर्वांत अधिक. पहिल्या काही महिन्यांतच योग्य औषध सुरू करून, दाह पुरता ओसरेपर्यंत त्याची मात्रा जुळवीत गेल्यास सांधे वाचविता येतात, हे युरोपातील अनेक चाचण्यांनी सिद्ध केले आहे. झिजलेले हाड मात्र कोणतेही औषध परत आणीत नाही. सकाळी उठल्यावर तासभर बोटे आखडलेली राहतात आणि दोन्ही हातांचे सांधे सुजतात, असे सहा आठवडे चालले, तर ते वयाचे किंवा थंडीचे दुखणे समजून अंगावर काढू नये. भिगवणच्या शेतकरी स्त्रीला काय किंवा भिलाईच्या कामगाराला काय, या औषधांचा लाभ मिळतो तो रोगाचे नाव वेळेवर कळले तरच. ते कळण्यास बहुतेक वेळा अनुभवी वैद्याचा हात, रुग्णाची नीट ऐकून घेतलेली हकीकत आणि थोड्या रक्ततपासण्या पुरेशा असतात.